थाई भोजनगृहाची कुळकथा

आजचा विषय वरवर पाहता जिभेचा आहे. परंतु जिभेच्या मागोमाग चालत गेले, तर माणूस पुष्कळदा इतिहासाच्या दारात जाऊन उभा राहतो. लंडन किंवा लॉस एंजेलिससारख्या शहरांत थाई भोजनगृहाची आज दोन रूपे दिसतात. एक, स्वस्तात पुडा बांधून देणारे कोपऱ्यावरचे दुकान. आणि दुसरे, मंद दिव्यांचे, कोरीव फळांनी सजविलेल्या ताटांचे, आगाऊ जागा राखून ठेवावी लागणारे श्रीमंती भोजनगृह. या दोहोंत थोरली पाती कोणती आणि धाकटी कोणती, एवढाच माझा प्रश्न आहे. त्याचे उत्तर प्रथमच सांगून टाकतो. थोरली पाती रस्त्यावरची आहे. धाकटीला जो मानमरातब मिळाला, तो थोरलीच्या पुण्याईवर.

सयाम हा भाताचा देश. तेथे ‘जेवलास का?’ असे विचारावयाचे झाले, तर ‘भात खाल्लास का?’ असेच विचारतात. भाताखेरीज पानात जे जे पडते, त्या साऱ्याला ‘भातासोबतचे’ या अर्थाचा एकच शब्द आहे. आपण ज्याला कालवण म्हणतो, त्याच्याशी त्याचे जवळचे नाते. मध्ये कालवणांची भांडी मांडून सर्वांनी मिळून जेवावयाचे, अशी तेथील रीत. असे जेवण घरात शोभते. ते विकत घेण्याची गरज पडते ती ज्याला घर नाही, चूल नाही, अशा माणसाला.

असा माणूस बँकॉकमध्ये आला तो चीनमधून. १७८२ साली राजधानी तेथे वसविली गेली, तेव्हा राजवाड्यासाठी जागा मोकळी करण्याकरिता चिनी वस्ती साम्पेंग येथे हलविण्यात आली. पुढे एकोणिसाव्या शतकात दक्षिण चीनमधून मजूर येत राहिले. धक्क्यांवर आणि भाताच्या गिरण्यांत राबणारी ही माणसे बहुधा एकटी होती. त्यांना खाऊ घालण्यासाठी खांद्यावर कावड घेतलेले फेरीवाले हिंडू लागले. कावडीच्या एका टोकाला शेगडी, दुसऱ्या टोकाला वाडगे. शहरात कालवे पुष्कळ, म्हणून काहींनी होडीतच चूल मांडली. डुलत्या होडीतून भरला वाडगा काठावर द्यावयाचा तर तो लहानच हवा. त्या ‘होडीतल्या शेवयां’चा वाडगा आज पक्क्या दुकानातही लहानच असतो. थाई भोजनगृहाचा मूळपुरुष म्हणून कोणाची तसबीर लावावयाची असेल, तर ती या कावडीवाल्याची लावावी.

मग राजवाडा काय करीत होता? राजवाड्यात पाककला होती आणि ती फार उंचीची होती; परंतु ती विकाऊ नव्हती. राजा चुलालाँगकॉर्न हा खाण्याचा रसिक. १८७२ साली तो हिंदुस्थानात आला, तेव्हा मुंबईही पाहून गेला. १८९७ आणि १९०७ साली त्याने युरोपचा प्रवास केला. त्या काळात दरबारी मंडळींनी काटा आणि चमचा उचलला, मात्र सुरी ताटाजवळ येऊ दिली नाही, कारण चिरणे-कापणे हे स्वयंपाकघरातच उरकलेले असे. त्याच्या कारकीर्दीच्या अखेरीस, १९०८ साली, प्लियन फासकोरावाँग या सरदारघराण्यातील स्त्रीने थाई पाककृतींचा पहिला मोठा ग्रंथ छापला. वाड्यातील विद्या अशी कागदावर आली. दुकानात यावयास तिला आणखी बराच काळ लागला.

दुकानात जाण्याचे काम पुढे सरकारनेच अंगावर घेतले, ही या कथेतील मौजेची गोष्ट आहे. १९३२ साली राजाची निरंकुश सत्ता संपली. १९३८ साली सेनानी पिबुनसोंगक्राम पंतप्रधान झाला आणि १९३९ साली त्याने देशाचे सयाम हे नाव बदलून थायलंड केले. लोकांनी पोशाख कसा करावा, राष्ट्रगीताला कसे उभे राहावे, याची फर्माने निघू लागली. १९४२ साली महापूर आला; युद्धामुळे धान्याची ओढ होतीच. तेव्हा पिबुनने लोकांना शेवया खाण्याचा उपदेश केला. त्याचा हिशेब साधा होता. एक कोटी ऐंशी लाख लोकांनी रोज पाच सतांगांचा एक वाडगा खाल्ला, तर दररोज नऊ लाख बाट देशातल्या देशात खेळतील. शेंगदाणा, मोड आलेले मूग आणि भाजी पिकविणाऱ्याच्या हाती पैसा जाईल. याच मोहिमेच्या लाटेवर ‘पॅड थाई’ हा पदार्थ देशभर पसरला. तांदळाच्या शेवया, चिंच, ताडगूळ, सुकट, अंडे आणि दाण्याचा कूट, असा त्याचा थाट.

आता यातील विसंगती पाहा. पदार्थाला नाव राष्ट्राचे. पण शेवया चिनी, त्या परतण्याची रीत चिनी, आणि तेच सरकार चिनी व्यापाऱ्यांवर निर्बंध घालीत होते! ज्या मिरचीवाचून थाई जेवण ओळखू येणार नाही, ती मिरचीही मूळची अमेरिकेची. अल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतला, १५११ साली मलाक्का घेतली, आणि त्याच वर्षी अयुथ्थयेच्या राजाकडे वकील धाडला. या पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेनेच मिरची आपल्या कोकणात उतरली आणि सयाममध्येही रुजली. म्हणून ज्याला आपण राष्ट्राची चव म्हणतो, ती नीट पाहिली तर बंदरांची चव असते.

युद्धानंतर कालवे बुजवून रस्ते झाले, गावोगावची माणसे बँकॉकला कामाला आली, भाड्याच्या खोल्यांत चूल मांडण्यास जागा उरली नाही. कामावरून परतणारी स्त्री वाटेत दोन-तीन कालवणे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घेऊ लागली. अशा स्त्रियांना ‘पिशवीवाल्या गृहिणी’ असे नाव पडले. नावात टोमणा आहे. परंतु पिशवी विकणारीही बहुधा स्त्रीच होती आणि तिच्या कढईवर तिचे घर चालत होते, हे टोमणा मारणारे विसरले.

परदेशातील कथा १९६० नंतरची. अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा १९६५ साली बदलला आणि लॉस एंजेलिसमध्ये थाई वस्ती वाढली. परक्या मुलखात त्या माणसांना उपजीविकेचे जे साधन सापडले, ते हेच. सरकारला त्याचे मोल उशिरा कळले. २००२ साली थायलंडने ‘ग्लोबल थाई’ ही योजना आखली. परदेशांतील सुमारे साडेपाच हजार थाई भोजनगृहे आठ हजारांवर न्यावयाची, असा संकल्प होता. कर्जे देऊ केली. नमुन्यादाखल भोजनगृहाच्या तीन प्रती ठरविल्या: झटपट खाण्याचे ‘एलिफंट जम्प’, मध्यम दराचे ‘कूल बेसिल’ आणि उंची ‘गोल्डन लीफ’. स्वस्त पुड्यापासून श्रीमंती ताटापर्यंतची उतरंड सरकारी कचेरीत आखली गेल्याचे असे उदाहरण विरळा. २०१४ साली तर पदार्थ अस्सल आहे की नाही, हे मोजणारे यंत्रही तयार करविले!

चव यंत्राने मोजता येत असेल. परंतु ती निर्माण कोठे होते? या प्रश्नाचा कस २०१७ साली लागला. त्या वर्षी एप्रिलमध्ये बँकॉकच्या अधिकाऱ्यांनी पदपथांवरील खाद्यविक्रेते हटविण्याचे जाहीर केले. जगभर ओरड झाल्यावर प्रवाशांच्या आवडत्या दोन रस्त्यांना वगळण्यात आले. आणि त्याच वर्षी डिसेंबरात, ज्या मिशेलिन मार्गदर्शिकेसाठी थायलंडच्या पर्यटन खात्याने पाच वर्षांकरिता १४ कोटी ४० लाख बाट देऊ केले होते, तिचा बँकॉकसाठीचा पहिला अंक निघाला. त्यात एक तारा मिळाला तो जे फाय या सत्तरी ओलांडलेल्या बाईंना. त्या डोळ्यांवर मोठा चष्मा चढवून कोळशाच्या धगीपुढे उभ्या राहतात आणि खेकड्याचे आम्लेट तळतात. एका हाताने ज्यांना उठवावयाचे, त्यांच्यातल्याच एकीच्या गळ्यात दुसऱ्या हाताने हार घालावयाचा, असा हा प्रकार.

मला उंची भोजनगृहांचा द्वेष नाही. दक्षिण थायलंडच्या पाककलेला वाहिलेल्या ‘सोर्न’ या बँकॉकच्या भोजनगृहाला २०२४ च्या नोव्हेंबरात तीन तारे मिळाले; पुढच्याच महिन्यात ‘तोम याम कुंग’ या कोळंबीच्या आंबट-तिखट सारास युनेस्कोने मानवजातीच्या वारशात स्थान दिले. हा गौरव योग्यच आहे. परंतु वारसा म्हणजे नुसता पदार्थ नव्हे. तो रोज पहाटे बाजारातून मासळी आणणारा, कढई घासणारा आणि चार माणसांना परवडेल अशा दरात वाढणारा हातही वारसाच आहे. पदार्थाची नोंद वहीत करता येते. त्या हाताला मात्र पदपथावर हातभर जागा लागते. ती जागा शाबूत राहिली, तरच थोरली पाती नांदेल; आणि थोरली नांदली, तरच धाकटीच्या ताटात काही पडेल.