एक सभा, एक दरबार आणि एक पत्र

कामगारांच्या सभांतून ज्यांचे आयुष्य गेले, त्या आम्हांला ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळातील एक सभा फार ओळखीची वाटते. इसवी सन 49 च्या सुमारास ती यरुशलेमात भरली. यहुदी नसलेल्याने ख्रिस्ताला मानले, तर त्याने सुंता करून मोशेचे सारे नियमशास्त्रही पाळावे काय, हा प्रश्न होता. पौल म्हणे, नको. कित्येकांचा आग्रह, पाळलेच पाहिजे! अखेर येशूचा भाऊ याकोब याने तोड काढली: सुंतेची सक्ती नाही, मात्र मूर्तीपुढचा नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेल्या जनावराचे मांस आणि व्यभिचार वर्ज्य.

ही हकीगत ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथातली. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल जी भेट वर्णितो, ती बहुतेक अभ्यासक हीच मानतात. पण तेथे या अटींचा मागमूस नाही. गरिबांची आठवण ठेवा, एवढेच सांगितले, असे तो लिहितो. तडजोडीनंतर दोन्ही पक्षांचे कागद जुळत नाहीत, हे आम्हांस नवे नाही. पुढे अंत्युखियात पेत्र परजातीयांच्या पंक्तीतून मागे सरला, तेव्हा पौलाने त्याला चारचौघांत सुनावले.

हाच पंक्तीचा प्रश्न आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांपुढे उभा राहिला. 1895 साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा म्हणजे त्या काळी घरादाराशी ताटातूटच. 1917 साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही तेथे ख्रिस्ताचे शिष्य. 1919 च्या मे महिन्यात टिळक वारले, आणि दरबार फार काळ टिकला नाही.

श्रद्धा मोठी की कृती, या वादातही पौल आणि याकोब यांचे सूर निराळे. याकोबाच्या नावचे पत्र ल्यूथरने 1522 साली गवताच्या काडीच्या मोलाचे ठरविले; तरी ते ग्रंथातून गेले नाही. आम्हांला ते आवडते, हे उघडच आहे. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असे त्यात धनिकांना बजावले आहे.

मोखाड्याकडील माणसे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. पोशेऱ्यात एकदा आम्ही हा मजकूर सांगितला, तेव्हा एका म्हातारीने विचारले, “मग दिली का त्यांनी मजुरी?” पत्रात ते लिहिलेले नाही.