चार स्वरांची लय

अमेरिकेत १९७२ साली अटारी कंपनीचा 'पाँग' हा व्हिडिओ गेम आला. नोलन बुशनेल यांना त्यात प्रेक्षकांचा जल्लोष हवा होता. पण आधीच सुटे भाग फार झाले होते. अभियंते अ‍ॅलन अल्कॉर्न यांनी मग पडद्यावरील चित्र जुळवणाऱ्या परिपथातच निर्माण होणारी एक कंप्रता स्पीकरकडे वळवली. चेंडूला आवाज मिळाला!

१९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' तयार केला. त्यात ५५ परग्रहवासी खाली उतरत. सूक्ष्मप्रक्रियक सेकंदाच्या साठाव्या भागात एकच आकृती हलवी. म्हणून सगळ्या फौजेला एक पाऊल टाकायला जवळजवळ एक सेकंद लागे. आकृत्या जसजशा नष्ट होत, तसतशी उरलेल्यांची चाल आपोआप वाढे.

याच्या जोडीला खर्जातले चार स्वर सतत वाजत. किती शत्रू उरले यावर दोन स्वरांमधले अंतर ठरे. विलंबित लय द्रुत झाली, की न मोजताही खेळणाऱ्याला धोका कळे. इथे आवाज शोभेपुरता राहिला नाही. तो माहिती देऊ लागला. विद्यार्थ्यांना एखादा गेम आवाज बंद करून खेळायला सांगा. काय हरवले, ते त्यांनाच सांगू द्या.