एआर-१५ साठी मॅगझिनची निवड : जुळणी, विश्वासार्हता आणि कायद्याची मर्यादा

अर्धस्वयंचलित रायफल चालता चालता अडली की दोष सहसा रायफलीलाच दिला जातो. पुष्कळदा तो असतो मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसे साठवून ती एकामागून एक वर ढकलणाऱ्या पेटीत. रायफलीचा हा सर्वांत स्वस्त भाग. जमिनीवर पडतो, धुळीने भरतो आणि वर्षानुवर्षे तसाच वापरला जातो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि नेमबाजीच्या रेंजवर जाऊ लागलेल्या मराठी मंडळींना बहुधा एआर-१५ याच जातीची रायफल भेटते. म्हणून येथे तिचाच विचार केला आहे. (‘एआर’ ही अक्षरे आर्मालाइट या मूळ कंपनीच्या नावातली आहेत, त्यांचा ‘असॉल्ट रायफल’शी संबंध नाही.)

युजीन स्टोनर यांनी १९५० च्या दशकात या रायफलीची रचना केली, तेव्हा तिचे मॅगझिन २० काडतुसांचे, सरळ आणि ॲल्युमिनियमचे होते. हलके असावे आणि खराब झाल्यास टाकून देता यावे, ही त्यामागची कल्पना. ५.५६ मिलिमीटरचे काडतूस मात्र मागे किंचित जाड व पुढे निमुळते असल्याने त्यांची चळत नैसर्गिकपणे वाकते. रायफलीतली खाच सरळ मॅगझिनसाठी घडलेली होती. त्यामुळे पुढे ३० काडतुसांचे मॅगझिन आले ते वरच्या भागात सरळ व खाली वळणदार, अशा तडजोडीच्या आकाराचे. या सांध्याशी काडतुसे वर ढकलणारा ‘फॉलोअर’ तिरका होऊन अडकत असे. नवे फॉलोअर पुढे-मागे न कलंडणारे असतात. जुने लष्करी मॅगझिन स्वस्तात मिळत असेल, तर आधी त्याचा फॉलोअर बोटाने दाबून पाहावा. तो एका टोकाला झुकत असेल, तर बदलून घेणे दोन-तीन मिनिटांचे काम आहे.

दुसरी नाजूक जागा म्हणजे तोंडाशी आत वळलेल्या दोन कडा. काडतूस कोणत्या कोनात आणि किती उंचीवर उभे राहणार, हे त्याच ठरवतात. ॲल्युमिनियमच्या कडा आपटल्यावर वाकतात, आणि वाकल्याचे डोळ्यांना सहज दिसत नाही. पक्कड घेऊन त्या सरळ करण्याचा मोह टाळावा. २००७ मध्ये मॅगपुल कंपनीचे पॉलिमरचे ‘पीमॅग’ बाजारात आले. त्याचा मार्ग आतून सलग वळणाचा असून आघातानंतर ते पूर्ववत होते अथवा सरळ तडकते. दोष लपत नाही. २०१६ मध्ये अमेरिकन मरीन कोअरने त्याच्या तिसऱ्या पिढीला मान्यता दिली. चांगल्या कंपनीचे नवे ॲल्युमिनियम मॅगझिनही तितकेच चोख चालते. खरी भीती अनोळखी विक्रेत्याकडच्या नकली मालाची आहे.

जुळणीबाबत नावावर विसंबू नये. एआर-१५ ची ५.५६ आणि .२२३ रेमिंग्टन या काडतुसांची मॅगझिन एकच असतात. पण रुगर मिनी-१४ ती स्वीकारत नाही. मोठ्या .३०८ काडतुसाच्या ‘एआर-१०’ म्हणवणाऱ्या रायफलींत तर एकमेकांशी न जुळणारे दोन प्रघात आहेत. सर्वांत घातक प्रकार मात्र जुळण्यातूनच उद्भवतो. .३०० ब्लॅकआउटची काडतुसे ५.५६ च्याच मॅगझिनमध्ये बसतात. ती चुकून ५.५६ च्या रायफलीत गेली, बोल्ट बंद झाला आणि चाप ओढला गेला, तर जाड गोळी अरुंद नळीत अडकून रायफल फुटते. ज्यांच्या घरी दोन्ही आहेत, त्यांनी मॅगझिन वेगळ्या रंगाची ठेवावीत आणि एका वेळी एकच रायफल रेंजवर न्यावी.

नवे मॅगझिन पारखण्याची रीत साधी आहे. प्रत्येकावर क्रमांक घालावा. रिकामे असता कळ दाबताच ते स्वतःच्या वजनाने खाली पडले पाहिजे. पूर्ण भरलेले मॅगझिन बोल्ट बंद असताना बसते का, हे रेंजवरच पाहावे. ३० च्या मॅगझिनमध्ये अनेक जण २८ च भरतात, ते याच अडचणीमुळे. शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे अडकून राहायला हवा. अडथळा दरवेळी त्याच क्रमांकाशी येत असेल, तर दोषी सापडला. स्प्रिंग भरून ठेवल्याने मरते हा समज जुना आहे. ती झिजते मुख्यतः वारंवार दाबली-सोडली गेल्याने. आत तेल घालू नये, धूळ चिकटते.

यंत्राइतकाच महत्त्वाचा आहे कायदा. १९९४ ते २००४ या काळात १० हून अधिक क्षमतेच्या नव्या मॅगझिनवर देशव्यापी बंदी होती. आता विषय राज्यांकडे आहे. कॅलिफोर्निया व न्यूयॉर्कच्या कायद्यात मर्यादा १० ची. न्यू जर्सीने २०१८ मध्ये ती १५ वरून १० वर आणली. कोलोरॅडोने २०१३ मध्ये १५ ठरवली. टेक्सास आणि पेनसिल्व्हेनियात राज्याची मर्यादा नाही. म्हणजे डेलावेअर नदीच्या एका काठावर निर्धास्त विकत घेतलेले ३० चे मॅगझिन पूल ओलांडताच गुन्ह्याचा मुद्देमाल ठरू शकते. यातील काही राज्यांत खुद्द रायफलीच्या रचनेवरही निर्बंध आहेत, आणि न्यायालयीन लढायाही सुरू असतात. म्हणून खरेदीच्या दिवशीचाच नियम पाहावा.

व्हिसाचा प्रश्न त्याहून गंभीर. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावरील व्यक्तीला संघीय कायद्याने बंदूक व काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक प्रमुख अपवाद. उल्लंघनास १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रिकामे मॅगझिन या संघीय व्याख्येत बंदूक ठरत नाही, पण त्यात एक काडतूस राहिले तरी चित्र बदलते. ‘ताबा’ म्हणजे केवळ हातात धरणे नव्हे. पती ग्रीन कार्डधारक आणि पत्नी एच-४ वर असेल, तर तिजोरीची किल्ली कोणाकडे असावी, हे आधी वकिलाला विचारून ठरवावे.

भारतात जाताना सामानाची बॅग वेगळीच असावी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्रांच्या सुट्या भागांचाही समावेश ‘शस्त्र’ या व्याख्येत आहे. रेंजवर नेलेल्या बॅगेच्या कप्प्यात विसरलेले एखादे काडतूस किंवा मॅगझिन मुंबईच्या विमानतळावर सापडले, तर सुट्टीची सुरुवात पोलीस ठाण्यात होण्याचा संभव असतो.