मोबाइल मनोरे : प्रारण-मर्यादा
मोबाइल मनोऱ्यांवरील अँटेनांतून निघणाऱ्या रेडिओ तरंगांची लोकवस्तीतील कमाल अनुज्ञेय तीव्रता. हे प्रारण अनायनीकारक असून ऊती तापणे हा त्याचा सिद्ध परिणाम. भारताने २००८ मध्ये आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाचे निकष स्वीकारले. १ सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा त्यांच्या दहाव्या हिश्श्यावर आणली. ९०० मेगाहर्ट्‌झसाठी ती दर चौ. मीटरला ०.४५ वॉट ठरली. अँटेनापासूनचे अंतर दुप्पट झाले की तीव्रता साधारण चौथाई उरते. अँटेनातून निघणाऱ्या तरंगांची शलाका (झोत) जवळजवळ आडवी जाते. त्यामुळे अँटेना असलेल्या गच्चीखालच्या घरात प्रारण कमी, समोरच्या इमारतीत त्याच उंचीवर अधिक. लोकांची भीती नेमकी उलटी असते. कानाला लावलेल्या फोनचे प्रारण तर मनोऱ्यापेक्षा सहसा कितीतरी जास्त भरते.