मेणा की अंबारी? जबलपूरची जोंगा आणि विजेवरची गाडी

मागचा भाग जबलपूरच्या रेल्वेवर होता. त्यानंतर तुमचे जे प्रश्न आले, त्यांत रेल्वेबद्दलचे थोडे आणि मोटारीबद्दलचेच जास्त होते. एक प्रश्न तर नागपूरहून, इंदूरहून, बडोद्याहून, वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला: विजेवरची गाडी घ्यायची ठरलं आहे, एवढे पैसे आयुष्यात एकदाच घालायचे आहेत, तर ठेंगणी-लांबट सेडान घ्यावी की उंच एसयूव्ही?

इतिहास सांगणाऱ्याला हे कशाला विचारता, असं म्हणून मला हात झटकता आले असते. पण मी जबलपूरचा आहे. खमरिया, जीसीएफ, व्हीएफजे ही कारखान्यांची नावं आमच्याकडच्या मराठी घरांत काका-मामांच्या नावांसारखी घेतली जातात. उंच गाडी कुणासाठी आणि ठेंगणी कुणासाठी, या हिशेबाचा एक मोठा तुकडा आमच्याच गावात घडला आहे. तेव्हा आज तोच सांगतो.

आधी शब्द बघू. 'सेडान' हा शब्द मोटारीपेक्षा जुना. सतराव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर दोन माणसं पुढे-मागे दांडे धरून एक बंद खुर्ची उचलून नेत. आत बसलेला माणूस चिखलापासून आणि लोकांच्या नजरेपासून सुरक्षित. तिला सेडान चेअर म्हणत. म्हणजे आपला मेणा! पुढे अमेरिकेत बंद खोलीची मोटार आली, तेव्हा तिला हेच नाव मिळालं. उंच वाहन हवं असेल तर आपल्याकडे होता हत्ती. त्याच्यावर छत असेल तर अंबारी, नसेल तर हौदा. यातलं काय वापरायचं हे फक्त ऐपतीवर ठरत नसे. पेशवाईत पालखीचा मान सरकारातून मिळावा लागे आणि तिच्या खर्चासाठी वेगळी नेमणूक लावून दिली जाई. वाहनाची उंची आणि माणसाची पायरी यांचं नातं इतकं जुनं आहे.

जबलपूरनं हा सगळा थाट पाहिला. गढा-मंडल्याचं गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे गेलं, १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि वीस वर्षांत इंग्रजांनी तो घेतला. अंबारीची हौस मात्र राज्यांबरोबर गेली नाही. १९३९ साली जबलपूरजवळ त्रिपुरीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अधिवेशन बावन्नावं, म्हणून मिरवणुकीला हत्ती बावन्न! अध्यक्ष सुभाषबाबू मात्र तापानं फणफणलेले. मिरवणुकीच्या रथात त्यांची तसबीर ठेवावी लागली. हत्ती लोकांनी बघण्यासाठी असतात, आजारी माणसाच्या सोयीसाठी नसतात, हे तेव्हाही दिसलं होतं.

आता कारखान्याकडे येऊ. तोफांचे गाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी, म्हणजे आमची जीसीएफ, इथे १९०४ मध्ये उभी राहिली. गाव समुद्रापासून लांब, सरहद्दीपासून लांब आणि रेल्वे १८७० पासूनच मुंबई-कलकत्त्याला जोडलेली. स्वातंत्र्यानंतर, कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना, याच कारखान्यात १९५९ मध्ये जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर लष्करी ट्रक तयार होऊ लागला. त्याचं नाव शक्तिमान. पुढे १९६९ मध्ये गाड्यांसाठी वेगळा कारखाना झाला, व्हेइकल फॅक्टरी जबलपूर. तिथे जपानच्या निसान पेट्रोलवरून बनलेली एक दणकट गाडी निघू लागली: जोंगा.

जोंगा हे नाव डोंगरातल्या एखाद्या जनावराचं वाटतं. प्रत्यक्षात ते 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेम्ब्ली' याच्या इंग्रजी आद्याक्षरांतून जुळवलेलं आहे. जवळजवळ चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, चारही चाकांना ताकद आणि चढायला पाय चांगलाच वर उचलावा लागेल अशी उंची. नदीचा उतार असो, बर्फ असो, दगडधोंडे असोत, ती जायची. १९९९ पर्यंत ती इथे बनत होती. नंतर लष्कराच्या लिलावांतून पहाडी मुलखातल्या आणि पंजाबातल्या हौशी लोकांच्या दारांत गेली. महेंद्रसिंग धोनीनं २०१९ मध्ये एक जुनी जोंगा रांचीला घरी आणली, तेव्हा देशभरातल्या पोरांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. आमच्या गावात पोरांनाही माहीत होतं की जोंगा पेट्रोल पीत नाही, ढोसते. पण ते पेट्रोल सरकारचं होतं, आणि आजच्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. उंच गाडीचा खर्च वापरणाऱ्याच्या खिशातून जात नव्हता, म्हणून तो कुणी मोजत नव्हतं.

खासगी माणूस तेव्हा काय चालवत होता? ज्याला परवडलं तो सेडान. उत्तरपाऱ्याची अँबॅसॅडर किंवा वालचंद हिराचंदांच्या कंपनीची, कुर्ल्याची फियाट, जी पुढे पद्मिनी झाली. दोन्ही ठेंगण्या, मागे सामानाची पेटी, मागच्या सीटवर तिघं-चौघं. कलेक्टरलाही अँबॅसॅडर आणि लग्नातल्या नवरदेवालाही तीच. जीपमध्ये बसायचा तो फौजदार, जंगलखात्याचा माणूस, नाहीतर पुढारी. सुशिक्षित घरात जीप घेणं म्हणजे जरा आडदांडपणाच समजला जाई.

हे उलटं फिरलं ते मराठी मुलखातूनच. १९९४ मध्ये टेल्कोनं सुमो आणली. सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावातली पहिली अक्षरं घेऊन तिचं नाव ठेवलं, हे आपल्याला ठाऊक आहेच. दहा माणसं बसवून देवदर्शनाला नेणारी ती गाडी उंच होती, पण सरकारी नव्हती. २००२ मध्ये नाशिकहून स्कॉर्पिओ आली आणि उंच गाडीला रुबाब आला. मग सरकारनंही उंची मोजायला सुरुवात केली. २००६ मध्ये चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली. २०१३ च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी एसयूव्हीवरचा कर २७ वरून ३० टक्क्यांवर नेला, आणि एसयूव्ही कशाला म्हणायचं तेही ठरलं: लांबी चार मीटरच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर आणि पोटाखालची मोकळी जागा १७० मिलिमीटर किंवा जास्त. पालखीच्या मानासारखीच ही सरकारी मोजपट्टी, फक्त उलटी. पूर्वी मोठ्या वाहनासाठी सरकार नेमणूक देई, आता दंड लावू लागलं.

विजेच्या गाडीला ही मोजपट्टी नाही. ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के, मग ती मेणा असो की अंबारी. मग उंचीची किंमत संपली का? तर नाही. ती कराच्या पावतीवरून उठून बॅटरीत जाऊन बसली.

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. घरच्या मीटरवर मोजतो तेच युनिट. २०२० मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी होती ३०.२ युनिटची. म्हणजे जेमतेम साडेतीन लिटर पेट्रोल! विजेची मोटर पेट्रोल इंजिनाच्या तिप्पट-चौपट काटकसरी असते म्हणून तेवढ्यावर गाडी चालते. पण टाकी लहान ती लहानच. जोंगा कितीही प्याली तरी पुढच्या पंपावर पाच मिनिटांत भरत होती. इथे वारा कापण्यात गेलेलं प्रत्येक युनिट पुढच्या थांब्याची चिंता वाढवतं. आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो: वेग दुप्पट, विरोध चौपट. गावात चाळीसनं जाताना उंचीचं फारसं बिघडत नाही. हायवेला शंभरनं जाताना बिघडतं.

हे कुणाला कळलं नव्हतं असं नाही. १८९९ मध्ये पॅरिसजवळ कामीय जेनात्झी या बेल्जियन माणसानं ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा पहिल्यांदा ओलांडली, ती विजेच्या गाडीतूनच. गाडीचा आकार टॉर्पेडोसारखा निमुळता, वारा कापण्यासाठी खास घडवलेला. आणि जेनात्झी? हौद्यात बसावं तसा त्या टॉर्पेडोच्या वर, कमरेपासून सगळा उघडा! त्या गाडीचा फोटो शोधून जरूर बघा. आजच्या कितीतरी उंच गाड्या बघताना मला तोच आठवतो.

आता आपल्याकडचे आकडे. टाटांची टिगोर ईव्ही, २०२१ ची, सेडान: बॅटरी २६ युनिट, पुण्याच्या एआरएआयच्या चाचणीत ३०६ किलोमीटर. त्याच घरातली, त्याच 'झिपट्रॉन' तंत्राची २०२० ची नेक्सॉन: ३०.२ युनिट, ३१२ किलोमीटर. एका युनिटला सेडान पावणेबारा किलोमीटर गेली, उंच गाडी सव्वादहा. टिगोरची मोटर कमी ताकदीची आहे हे खरं, पण फरकाची दिशा कळते.

श्रीमंती गाड्यांत तर हे आणखी स्वच्छ दिसतं. पुण्याजवळ चाकणला मर्सिडीजच्या एकाच कारखान्यात दोन्ही प्रकार जोडले गेले. ईक्यूएस ५८० सेडान, २०२२: बॅटरी १०७.८ युनिट, ८५७ किलोमीटर, किंमत एक कोटी ५५ लाख. ईक्यूएस ५८० एसयूव्ही, २०२४: बॅटरी १२२ युनिट, ८०९ किलोमीटर, एक कोटी ४१ लाख. म्हणजे उंच गाडीत टिगोरच्या निम्म्याहून मोठी बॅटरी जादा घातली, तरी ती ४८ किलोमीटर कमीच गेली. दोन वर्षांत किंमत मात्र खाली आली. चाचणी रुळांवर, खोलीत होते. हे आकडे रस्त्यावर जसेच्या तसे मिळत नाहीत. तुलनेला मात्र चालतात.

एक गंमत विसरली जाते. भारतात विजेच्या गाड्यांची पहिली मोठी सरकारी खरेदी सेडानचीच होती. २०१७ मध्ये ईईएसएल या सरकारी कंपनीनं दहा हजार गाड्यांची निविदा काढली. टिगोर आणि महिंद्राची ई-व्हेरिटो त्यासाठी निवडल्या गेल्या. साहेबांच्या अँबॅसॅडरची जागा घेण्यासाठी सेडान, हे किती स्वाभाविक! पण बाजारानं साहेबांचं ऐकलं नाही. २०२० मध्ये नेक्सॉन आली आणि चित्र पालटलं. टेस्लानंसुद्धा २०२५ मध्ये मुंबईत दुकान थाटलं, तेव्हा घरातली सेडान मागे ठेवून उंच मॉडेल वाय पुढे केली. परिणाम असा की मध्यमवर्गी किमतीत विजेची सेडान शोधायला गेलात तर हाताची बोटंही लागत नाहीत.

एवढी उंचीची ओढ का? रुबाब आहेच, पण फक्त रुबाब म्हणणं अन्याय होईल. जबलपूर ते नागपूर, सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. १९५६ पर्यंत नागपूर आमची राजधानी. कोर्टकचेरी, नोकरी, सोयरिकी सगळं त्याच रस्त्यानं. सिवनीच्या पुढे पेंचच्या जंगलातला पट्टा वनखात्याच्या आक्षेपांत आणि कोर्टात अडकून वर्षानुवर्षं खड्ड्यांत पडला होता. तिथे गाडीचं पोट ज्यानं घासलंय, त्याला वाऱ्याचा वर्ग समजावून सांगण्यात अर्थ नाही. आज तिथे चौपदरी रस्ता आहे. महाराष्ट्राच्या बाजूला मनसर ते खवासा या टप्प्यात नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून जनावरांना वाट दिली आहे. वाघ खालून जातो, गाड्या वरून. रस्ता बदलला, पण गाडी निवडताना अजून जुना रस्ताच आपल्या डोक्यात असतो.

शहरातल्या गतिरोधकांचं वेगळं आहे. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितला आहे, म्हणजे सौम्य टेकाड. गल्लीत लोक घालतात ती डांबराची भिंत. विजेच्या गाडीची सर्वांत महाग वस्तू पोटाखालीच असते, त्यामुळे ठेंगणीच्या मालकाची धास्ती खोटी नाही.

माझं मत विचाराल तर ज्यांचा प्रवास मुख्यतः शहर आणि चौपदरी रस्ता, त्यांनी सेडान मिळत असेल तर ती आधी बघावी. तेवढ्याच विजेत ती जास्त नेईल, आणि तेवढंच अंतर कापायला लहान बॅटरी, म्हणजे कमी पैसे, पुरतील. गाव नर्मदेच्या पलीकडे कच्च्या रस्त्यावर असेल, तर उंच घ्या आणि बॅटरीचे जादा पैसे मनात धरूनच घ्या.

राहिले गुडघे. सत्तरीतल्या आईला ठेंगण्या गाडीतून उठताना त्रास होतो आणि फार उंच गाडीत चढतानाही. शिवाय बॅटरी तळाला असल्यानं विजेच्या सेडानमध्ये मागची जमीन वर येते. बसणाऱ्याचे गुडघे उचलले जातात आणि मांड्यांना आधार उरत नाही. तासाभरानं पाय अवघडतात. पुढच्या सीटवरून चालवून बघणाऱ्याला हे कळत नाही. म्हणून शोरूमला आईला बरोबर न्या, तिला मागे बसवा, अर्धा तास बसू द्या, आणि उतरताना तिला हात देऊ नका.