संकेत : अ‍ॅनालॉग व डिजिटल

एखाद्या भौतिक राशीच्या बदलातून माहिती नेणारा तो संकेत. राशीचे प्रत्येक मधले मूल्यही जिथे अर्थ बाळगते, तो अ‍ॅनालॉग. आधीच ठरलेल्या मोजक्या मूल्यांपैकी कोणते आले एवढेच ओळखायचे असते, तो डिजिटल. हा भेद तारेवर किंवा लहरीवर अवलंबून नाही. मोबाइलच्या मनोऱ्यातून निघणारी लहरही सलगच असते. डिजिटल ठरते ते तिचे वाचन.

उदाहरण : प्राणहितेची पातळी. वर्धा-वैनगंगेच्या संगमातून चपराळ्याजवळ जन्मणारी ही नदी अहेरीवरून जाते आणि सुमारे ११३ किमी वाहून सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. तिच्यावर महागाव व टेकरा ही सरिता मापन केंद्रे आहेत. पाणी सलग चढते-उतरते. नदीला जोडलेल्या मापन-विहिरीतल्या तरंगकाला जोडलेले पेन फिरत्या कागदावर रेघ ओढते, तेव्हा ती रेघ अ‍ॅनालॉग नोंद असते. मापनपट्टी वाचून आकडा लिहिला की दोन गोष्टी घडतात : वेळेतून निवडक क्षण उचलले जातात आणि उंची जवळच्या आकड्याला बसवली जाते. मीटरमध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिले, तर सेंटिमीटरच्या आतला फरक गळतो. नुसते क्षण निवडल्याने संकेत डिजिटल होत नाही, हे पाठ्यपुस्तकांत अनेकदा राहून जाते. मूल्यांचेही टप्पे पडावे लागतात.

किती वेळाने वाचायचे, हा पूरग्रस्त गावांच्या दृष्टीने कळीचा प्रश्न. मोठ्या नदीला ताशी वाचन पुरू शकते. जंगलातला नाला तेवढ्या वेळात चढून ओसरतोही, मग त्याचा उच्चांक नोंदीत येतच नाही. संकेतातल्या सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घ्यावेत, हा नियम गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ च्या निबंधात सिद्धतेसह मांडला.

गोंगाट. आकाशवाणी नागपूरच्या ५८५ किलोहर्ट्‌झवरील मध्यम लहरीत आवाज लहरीच्या उंचीत असतो. वीज चमकली की तिची कडकड त्याच उंचीत मिसळते आणि रेडिओला ती वेगळी काढता येत नाही. डिजिटल संकेत वाटेतल्या प्रत्येक केंद्रावर नव्याने स्वच्छ करता येतो. मात्र गोंगाट मर्यादेपलीकडे गेला की आवाज खरखरत नाही, तुटतो.

दूरध्वनी. डिजिटल दूरध्वनीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे २५६ टप्पे. एकूण ६४,००० बिट. या पद्धतीची कल्पना अ‍ॅलेक रीव्हज यांची, १९३७.

संगीताची गोडी. ती कोणत्या संकेतात अधिक, यावर मतभेद आहेत.