कोयनेची फेल गेलेली टेस्ट

11 डिसेंबर 1967. पहाटेचे 4 वाजून 21 मिनिटं. पाटण तालुक्यातलं कोयनानगर साखरझोपेत होतं. जमीन हादरली आणि काही सेकंदांत दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. दीडशेहून जास्त माणसं गेली.

त्याच क्षणी तिथून जवळच, धरणाच्या पोटातल्या एका गॅलरीत एक यंत्र जागं झालं. 1ए क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये बसवलेला तो ॲक्सिलरोग्राफ होता. एरवी तो गप्प असे. जोराचा धक्का बसला की आपोआप सुरू व्हायचं आणि हादऱ्याचा जोर रेषेच्या रूपात नोंदवायचा, एवढंच त्याचं काम. त्या पहाटे त्यानं ते चोख केलं.

तुम्ही सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये असाल तर ही व्यवस्था ओळखीची वाटेल. टेस्ट फेल झाली की एक छोटा हेल्पर चालतो. स्क्रीनशॉट घेतो, लॉग जपतो, त्या क्षणी कुठला डेटा आत गेला होता ते लिहून ठेवतो. तो नसेल तर सकाळी हातात फक्त लाल अक्षरातलं 'फेल' उरतं. का फेल, ते कळत नाही.

कोयनेला हा हेल्पर आधीपासून होता, कारण छोट्या इशाऱ्यांकडे कुणीतरी लक्ष दिलं होतं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला धरणात पाणी साठू लागलं तसे परिसरात लहान लहान धक्के जाणवायला लागले. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेनं त्यांचा अभ्यास सुरू केला, यंत्रं बसली. मोठा धक्का आला तेव्हा नोंद घ्यायला कुणी धावावं लागलं नाही.

धरण फुटलं नाही. पण 103 मीटर उंचीच्या त्या भिंतीला वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. मागच्या बाजूचा उतार जिथे अचानक बदलतो, साधारण त्याच उंचीवर. हे कोडं होतं, कारण डिझाइनच्या हिशेबात तो भाग सुरक्षित होता.

हिशेब काय होता? भूकंपाचा जोर धरणाच्या वजनाच्या 5 टक्के धरायचा, आणि तळापासून माथ्यापर्यंत सारखाच. त्या काळची जगभरची पद्धत साधारण अशीच होती. या परीक्षेत कोयना पास होती. पण ॲक्सिलरोग्राफच्या रेषेवर नदीच्या दिशेचा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास निम्मा दिसत होता. 1970 च्या दशकात बर्कलीला अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही नोंद कॉम्प्युटरच्या गणितात घातली. धरण ताठ ठोकळ्यासारखं हलत नाही, माथ्याकडे जास्त झुलतं, आणि ताण नेमका त्या उताराच्या बदलापाशी साचतो, हे त्यातून दिसलं. म्हणजे चूक टेस्टच्या निकषातच होती. आपल्या भाषेत, असर्शनच चुकीचं लिहिलेलं होतं. म्हणून इतकी वर्षं सगळं हिरवं दिसत होतं.

पुढे गोष्ट उलटी फिरली. धरणाची परीक्षा घेणाऱ्या सॉफ्टवेअरचीच परीक्षा कोयना घेऊ लागली. 'अबॅकस' नावाचं इंजिनिअरिंग सॉफ्टवेअर आहे, मणी सरकवायचा अबॅकस नव्हे. त्याच्या सोडवलेल्या उदाहरणांत कोयना धरण आहे. काँक्रीटला तडा कसा जातो याचं नवं मॉडेल कुणी लिहिलं की 1967 ची नोंद त्यात घालतात आणि बघतात: भेग उताराच्या बदलापाशी येते का?

नाही आली तर? इथेही नुसतं 'फेल' पुरत नाही. आधी तपासायचं की धक्क्याचा डेटा बरोबर वाचला गेला का, वेळेचं एकक चुकलं का. मग माथा किती सरकला याचा प्रत्येक क्षणाचा आकडा आणि भेगेचं चित्र जपायचं, म्हणजे गणित कुठल्या सेकंदाला भरकटलं ते सापडतं. आकडे शेवटच्या दशांशापर्यंत जुळवायचे नसतात. अशा गणितात ते दुसऱ्या मशिनवर थोडे सरकतात. किती फरक चालेल ते ठरवून तुलना करणारा हेल्पर लागतो. पण ती सूट किती द्यायची हे माणसानंच ठरवायचं. फार सैल ठेवली तर चुकीची भेगही पास होते.

भेगा बुजवून धरणाला मागून आधारभिंती दिल्या गेल्या. कोयनेचे धक्के थांबलेले नाहीत. आता कराडजवळ हजारमाचीला प्रयोगशाळा आहे, आणि पाटण तालुक्यात गोठण्याला सुमारे 3 किलोमीटर खोल छिद्र घेऊन खडकाचा अभ्यास झाला आहे. नोंद घेणारा हात धक्क्याच्या उगमाकडे सरकतोय.

एक गोष्ट मात्र राहून जाते. माणसं धरण फुटून मेली नाहीत, घरं पडून मेली. त्या दगडमातीच्या भिंतींत कुठलंच यंत्र नव्हतं. धरण त्या पहाटे कसं हललं ते आज जगातला कुठलाही विद्यार्थी सेकंदा-सेकंदानं पाहू शकतो. कोयनानगरातलं एखादं घर कसं पडलं, कुठला दगड आधी सुटला, याची रेषा कुठेच उमटली नाही.

तुमच्या प्रोजेक्टमध्येही बघा. हेल्पर नेहमी महागड्या भागाला लावलेला असतो. माणसं कुठे झोपलेली आहेत?